खारूचं सोंग

आमच्या घरात सगळ्यांनाच अभिनयातलं कळतं, आणि नडलं ते हेच. मी डबिंग डायरेक्टर, म्हणजे परक्या भाषेतल्या सिनेमांना आणि कार्टूनांना आपल्या भाषेतले आवाज बसवून घेणारी बाई. माझा धाकटा भाऊ आवाजाचा नट. त्याला धंद्यात सगळे राक्षस म्हणतात, कारण गडगडाटी हसून समोरच्याचा जीव घ्यायची कामं कायम त्याच्याकडेच येतात. त्याची बायको, माझी भावजय, लग्नाआधी मुलांना नाटक शिकवायची. आणि त्यांची एकुलती एक मुलगी खारू, वय वर्षं आठ. तिने एका कार्टूनमधल्या खारीला आवाज दिला तेव्हापासून तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं.

अशा घरात पोरगी झोपेतून ओरडत उठायला लागली, तेव्हा डॉक्टर कुणालाच आठवला नाही. जो तो परीक्षक होऊन बसला.

झोप लागली की थोड्या वेळाने खारूचे डोळे टक्क उघडायचे. चेहऱ्यावर भीती, मान डावीकडे वळलेली, डावा हात ताठ वर, घशातून एक लांब घोगरा आवाज, आणि मग दोन्ही पाय सायकल मारल्यासारखे सुटायचे. अर्ध्या मिनिटात सगळं बंद. लगेच उठून बसायची, पाणी मागायची, शाळेतलं काहीतरी सांगायची. जरा डोळा लागला की पुन्हा तेच. काही रात्री असं चार-पाच वेळा, मग दोन-चार दिवस काहीच नाही.

“आकडी वगैरे नसेल ना?” असं भावजयीने एकदाच विचारलं, तर राक्षस हसत सुटला. आकडी कशी असते हे त्याला कुणी शिकवायचं काम नव्हतं. त्याने आयुष्यात किमान डझनभर सिनेमांमध्ये आकडीचा आवाज दिलाय. दातखीळ, घरघर, फेस, मग बेशुद्धी, मग शुद्धीवर आल्यावर “मी कुठे आहे?” हिच्यात त्यातलं काहीच नव्हतं. शुद्ध जात नाही, फेस येत नाही, वर लगेच पाणी मागते. “हिला आकडीसुद्धा नीट करता येत नाही,” असं म्हणून त्याने विषय संपवला.

आता बघा, ज्या माणसाने आयुष्यात खरी आकडी आलेला एक माणूस पाहिला नाही, तो सिनेमातल्या आकडीवरून खऱ्या पोरीला नापास करतो. याला अक्कल गहाण टाकणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? बरं, तो सिनेमा करणाऱ्यांनी तरी कुठे पाहिली होती?

पुढे त्याची मजल आणखी गेली. त्याने मोबाईलवर खारूचे व्हिडिओ काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, “आमच्या नटीचा नवा प्रयोग.” काका, मामा, मावश्या, सगळ्यांनी हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारे पिवळे गोल पाठवले. एका मामीने तर “हिला लगेच मालिकेत घ्या” असं लिहिलं. मी खाली लिहिलं, “पोर घाबरलेली दिसतेय, तुम्ही दात काय काढताय?” त्यावर त्याच मामीने मला हात जोडल्याची खूण पाठवली. ग्रुपवर माझी ख्याती खवट म्हातारी अशीच आहे, आणि ती मी कष्टाने कमावलीय.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर राक्षस तिला सूचना द्यायचा. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. “खारू, हात फार लवकर वर जातो तुझा. आधी भीती डोळ्यांत येऊ दे, मग हात.” पोरगी खाली मान घालून दुधात चमचा फिरवत बसलेली. मी म्हटलं, “अरे मेल्या, लेक आहे ना तुझी?” तर म्हणतो, “ताई, चूक वेळीच सांगितली नाही तर सवय होते.”

मग त्या समुपदेशक बाई आल्या. शाळेनेच सुचवल्या होत्या. आवाज असा, की ऐकणाऱ्यालाच झोप यावी. त्यांनी दोन भेटींत निदान केलं, की आईबाप कामात असतात, मुलीला लक्ष हवंय, म्हणून ती लक्ष वेधून घेते. झोपेतून उठून लक्ष वेधून घेते म्हणे! मी विचारलं, “अहो बाई, दिवसा मिळत नाही म्हणता ना लक्ष, मग दिवसा का नाही ओरडत?” त्यांनी माझ्याकडे फार समजूतदारपणे पाहिलं. असं समजूतदारपणे पाहणाऱ्या माणसांचा मला भारी संताप येतो.

बाईंचा उपाय सोपा होता. प्रेक्षक काढून घ्या. सुरू झालं की खोलीतून उठा, दिवा मालवा, दार ओढून घ्या. बघायलाच कुणी नसेल तर करेल कुणासाठी? राक्षसाला हे लगेच पटलं, कारण रिकाम्या थिएटरात तो स्वतःही काम करत नाही. त्या दिवसापासून घरात तसा नियम झाला. आणि वर कळस म्हणजे तिसऱ्या भेटीत खारूने बाईंना सांगून टाकलं, “मी मुद्दाम करते.” बाईंनी तिला शाब्बासकी दिली, चांदणीचं स्टिकर दिलं आणि आईबापांना आत बोलावून ही आनंदाची बातमी दिली.

कबुलीनंतर तरी थांबावं ना? थांबलं नाही. उलट वाढलं. बंद दाराआड एकदा ती पलंगावरून खाली पडली आणि समोरच्या दाताचा टवका उडाला. राक्षस म्हणाला, “आता स्टंट करायला लागली.” मग त्याने शेवटचं अस्त्र काढलं. शिस्तीसाठी नावाजलेली एक निवासी शाळा. एकावर एक पलंग, रोज सकाळी पोहणं, रात्री आवाज केला तर दुसऱ्या दिवशी मैदानाला फेऱ्या. पुढच्या सत्रापासून पाठवायचं ठरलं. भावजय स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडली, पण नको म्हणाली नाही. रडायला येतं आणि बोलायला येत नाही, अशी माणसं मला कधी समजली नाहीत.

तोवर मी खारूचं ते प्रकरण मोबाईलच्या एवढ्याशा चौकटीतच बघितलेलं. समोर बघितलं ते एका शनिवारी दुपारी. शाळेला सुट्टी, भावजयीला कुठेतरी जायचं होतं, म्हणून खारूला माझ्याकडे स्टुडिओत आणून सोडलं. तिने खारीच्या दोन ओळी म्हणून दिल्या, मग काचेच्या अलीकडे, माझ्या मागच्या सोफ्यावर झोपून गेली. मी आणि आमचा रेकॉर्डिस्ट एका कंटाळवाण्या राजपुत्राचे ओठ जुळवत बसलो होतो.

मागून तो आवाज आला. मी वळले. डोळे टक्क, मान डावीकडे, डावा हात ताठ, पाय सुटलेले. जवळ जाऊन मी तिला कुशीवर केलं, सोफ्याच्या कडेला आड बसले. थांबलं. पाणी मागितलं. माझ्याकडे बघून पटकन म्हणाली, “आत्या, सॉरी, मी परत नाही करणार.” मी म्हटलं, “झोप गं राणी.” झोपली. राजपुत्राचं अजून एक वाक्य झालं नसेल, तर पुन्हा. तसंच.

तसंच म्हणजे अगदी तसंच.

माझा धंदा काय आहे, तर नटांकडून तेच ते पुन्हा करून घेणं. “मघाशी हसलास तसंच हस,” असं सांगून सांगून माझा घसा बसलाय. आणि मी तुम्हाला सांगते, पहिल्यासारखा दुसरा टेक देणारा नट अजून जन्माला यायचाय. श्वास कुठेतरी हलतो, सूर अर्धा चढतो, शेवट लांबतो. माणूस सोंग करतो तेव्हा ते दर वेळी थोडं बदलतं, त्याला इलाज नाही. इथे पोरगी गाढ झोपेतून उठतेय आणि आवाज त्याच जागी फुटतोय, त्याच जागी तुटतोय, पाय त्याच वेळी सुटतायत.

“ग्रुपवरचे ते सगळे व्हिडिओ काढ,” मी रेकॉर्डिस्टला म्हटलं. त्याने ते मशीनवर घेतले, आवाज सुटे केले आणि एकाखाली एक लावले. वेगवेगळ्या रात्रींचे, पण पडद्यावरच्या रेघा बघाल तर एकाच साच्यातल्या. एकदम वाजवले, तर एकच मुलगी ओरडल्यासारखं वाटलं. आमचा रेकॉर्डिस्ट कधी कशाला दचकत नाही, त्याने कानांवरचे हेडफोन काढून ठेवले.

मी राक्षसाला फोन केला. “असशील तसा ये.” आला. मी त्याला ते ऐकवलं, दाखवलं, समजावलं. तर हा काय म्हणावा? “पाठांतर पक्कं आहे. शेवटी मुलगी कुणाची!”

माझं पित्त खवळलं. मी म्हटलं, “असं? मग जा काचेपलीकडे. तुझं ते जगप्रसिद्ध हास्य दे. किती वर्षं देतोयस?”

“ताई, हा काय पोरकटपणा?”

“घाबरलास?”

नटाला घाबरलास म्हटलं की तो विहिरीत उडी मारतो. गेला आत. छाती भरून गडगडाटी हसला. मी म्हटलं, “वा! आता पुन्हा, अगदी असंच.” पुन्हा हसला. “अजून एकदा. जराही फरक नको.” तिसऱ्यांदा हसला, घामाघूम झाला. मग मी त्याला बाहेर बोलावलं आणि त्याची तिन्ही हास्यं एकाखाली एक लावून दाखवली. एकाची सुरुवात लांब, दुसऱ्याचा शेवट आखूड, तिसऱ्यात मध्येच धाप. एकदम वाजवली तर तीन राक्षस भांडतायत असं वाटत होतं.

“जन्मभर हेच करतोयस तू,” मी म्हटलं. “जागेपणी, शुद्धीत, शर्थ करून. तरी तुला जमलं नाही. आणि तुझी आठ वर्षांची पोर झोपेतून उठून हे दर वेळी करते म्हणतोस? एवढी मोठी नटी असेल तर तू धंदा सोड आणि तिचे कपडे सांभाळ.”

तो खुर्चीत बसून पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पण ती स्वतःच म्हणाली ना, मुद्दाम करते म्हणून.” बुडत्याने शेवटी आठ वर्षांच्या पोरीच्या कबुलीला हात घातला. मी त्याला दाराबाहेर काढलं आणि मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. गेलो मात्र चौघंही.

त्या डॉक्टर बाई माझ्या वयाच्या, केस आखूड, बोलणं तुटक. मला बघताक्षणी आवडल्या. मी मोठ्या ऐटीत आमच्या एकाखाली एक लावलेल्या रेघा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या, दोन व्हिडिओ पाठोपाठ पाहिले आणि म्हणाल्या, “एवढा खटाटोप कशाला केलात? हे दोन आणले असते तरी पुरे होतं.” माझी ऐट तिथेच उतरली. पण बरं वाटलं, कुणीतरी एकदाचं डोळे वापरत होतं.

मग त्यांनी भराभर विचारलं. झोपेतच होतं का? बहुतेक वेळा हो. थोडाच वेळ टिकतं? हो. एका रात्रीत अनेकदा? हो. दर वेळी सारखंच? इथे मी माझ्या भावाकडे बघितलं. हो, म्हणाला. संपल्यावर लगेच भानावर? हो. “मुलं झोपेत घाबरून उठतात, किंचाळतात, ते वेगळं,” त्या म्हणाल्या. “ते बहुतेक रात्रीच्या पहिल्या झोपेत, एखाद्याच वेळी, बराच वेळ चालतं आणि दर वेळी वेगळं दिसतं. सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नाही. हिला आठवतं का?”

हा प्रश्न आमच्यापैकी कुणी खारूला कधी विचारलाच नव्हता. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, “ते होतं तेव्हा तुला काही कळतं का गं?”

“सगळं कळतं,” खारू म्हणाली. “आधी हातात मुंग्या येतात. मग घसा कुणीतरी धरतं. मला थांबायचं असतं, पण हात माझा ऐकत नाही.”

“आणि आजूबाजूचं ऐकू येतं?”

“येतं. बाबा म्हणतात, उठा, चला बाहेर. मग दिवा बंद होतो.”

भावजयीने तोंड दाबून धरलं. राक्षस खिडकीकडे बघायला लागला, तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“मग त्या बाईंना मुद्दाम करते असं का सांगितलंस?” डॉक्टरांनी विचारलं.

“त्या सारख्या सारख्या विचारत होत्या. हो म्हटल्यावर थांबल्या,” खारू म्हणाली. “आणि आई पण रडायची थांबली.”

डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढायला सांगितला, डोक्याला तारा चिकटवून काढतात तो. तो आला अगदी स्वच्छ. नॉर्मल! राक्षसाचा चेहरा लगेच उजळला. लेकीला आजार नाही याचा आनंद म्हणावा, तर तसाही नव्हता, आपण बरोबर ठरलो याचाच होता. “बघ ताई, मशीन खोटं बोलतं का?” डॉक्टर मान वर न करताच म्हणाल्या, “मशीनने जागेपणी, झटका नसताना पाहिलंय. शिवाय हा झटका मेंदूच्या पुढच्या भागातून निघतो. तिथले काही कोपरे इतके आत असतात की वरून लावलेल्या तारांना पत्ता लागत नाही. आलेख चांगला आला म्हणून मुलगी खोटी ठरत नाही. तिला दाखल करा. झोपेत, कॅमेऱ्यासमोर, तारा लावून बघू.”

तसं केलं. डोक्याला पट्ट्या गुंडाळलेली खारू पलंगावर, वर कॅमेरा, शेजारी भावजय आणि मी. यावेळी कुणी खोली सोडली नाही. झटके आले, एकामागून एक, तेच ते. डॉक्टरांनी सकाळी सगळं तपासलं, डोक्याचा एमआरआयही काढून घेतला, त्यात गाठबीठ काही नव्हती. मग त्यांनी आम्हाला सगळ्यांना खारूच्या पलंगाशीच उभं करून सांगितलं. मेंदूच्या पुढच्या भागातला अपस्मार. म्हणजे तुम्ही आकडी म्हणता त्यातलाच एक प्रकार, फक्त दिसायला वेगळा, म्हणून भलेभले फसतात. गोळ्या आहेत. बऱ्याच मुलांना लागू पडतात, काहींना बदलून बघाव्या लागतात. औषध एक दिवसही चुकवायचं नाही. पलंग खाली, कडेला गादी. पोहायला जायचं तर एक मोठं माणूस फक्त तिच्यावर डोळे ठेवून.

“निवासी शाळेत पाठवायचं ठरवलं होतं आम्ही,” भावजय एवढ्या हळू बोलली की जेमतेम ऐकू आलं. “वरचा पलंग मिळणार होता.”

“तिथे दिवा मालवल्यावर तिच्याकडे कोण बघणार होतं?” डॉक्टरांनी विचारलं. भावजयीने डोळे पुसले आणि मी तिला पहिल्यांदाच नवऱ्याला ठणकावताना ऐकलं. “ती कुठेही जाणार नाही. फी गेली खड्ड्यात.” मला तिच्याबद्दल जे काही बोलायचं होतं त्यातलं निम्मं मी तिथेच गिळून टाकलं.

डॉक्टर मग खारूजवळ बसल्या. तिला तिच्या भाषेत समजावलं, की डोक्यात सगळीकडे निरोप नेणारी छोटी वीज असते, तुझ्या डोक्यात ती झोपेत मध्येच उधळते आणि हातापायांना भलतेच हुकूम सोडते. यात तुझी काही चूक नाही. तू खोटं काही करत नव्हतीस.

खारूने नीट ऐकून घेतलं. तिचा बाप तिच्या उशाशीच उभा होता, हात लांब केला तर तिच्या पट्टीला लागेल इतका जवळ. त्याच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांचा कोट धरून ती म्हणाली, “मग हे तुम्ही बाबांना सांगाल का? मी सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.”

ज्या माणसाच्या आवाजाने थिएटरात पोरं आईला बिलगतात, त्याच्या तोंडून एक अक्षर फुटेना. मला त्याची दया यायला हवी होती, सख्खा भाऊ आहे. नाही आली. डॉक्टरांनी खारूच्या हातातून कोट सोडवून घेतला नाही, तशाच त्याच्याकडे वळल्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. तो उभ्याने ऐकत राहिला, आणि खारू त्याचं तोंड निरखून बघत राहिली, आता तरी पटतंय का म्हणून.